एका वेळी एकच नट

“बाबा, हे चाक नाही, अंडं आहे,” पूनम म्हणाली.

तिनं प्लायवुडचा तो तुकडा चिमटीत धरून माझ्यासमोर फिरवला. मी चष्मा वर केला, खाली केला, तुकडा खिडकीच्या उजेडात नेला. अंडंच होतं. बरं, अंडं तर अंडं, नीट कापलेलं तरी असावं! लेजरनं वरनं काळीभोर रेघ ओढली होती आणि खाली लाकूड जसंच्या तसं, ढिम्म. पूनमनं ते अंगठ्यानं रेटून मोडून काढलं होतं, म्हणून कडेला सगळी कुसळं निघाली होती.

“काल तर गोल आलतं,” मी म्हणालो.

“काल गोल आलं होतं, पण कापलं नव्हतं. आज कापलंही नाही आणि गोलही नाही. सकाळी तुम्ही तो पट्टा आवळलात ना?”

“जरासा.”

“जरासा म्हणजे किती?”

“हाताला लागंल तेवढा.”

स्वयंपाकघराच्या दारातनं शालन, म्हणजे आमची मंडळी, बघत होती. तिनं अंड्याकडं बघितलं, मशीनकडं बघितलं आणि शेवटी माझ्याकडं.

“अवो, लग्नाला दहा दिवस ऱ्हायल्यात. आणि तो चष्मा द्या इकडं, बोटं उठल्यात सगळी. त्यातनं तुम्हाला गोल काय आन् लांबट काय, सगळं सारखंच दिसत आसंल.”

तिनं पदरानं चष्मा पुसून दिला. चष्म्याला बोटं लावायची माझी खोड जुनी, आणि ते पुसत बोलायची तिची.

ही चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी दिनकर म्हेत्रे, इचलकरंजीत एकतीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होतो. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. शेडच्या दारात उभं राहून नुसत्या खडखडाटावरनं मी सांगायचो, तिसऱ्या रांगेतला चौथा माग आजारी आहे म्हणून. माझ्या हाताखाली पोरं तयार झाली, आणि त्या पोरांना मी एकच मंत्र दिला. तो पुढं माझ्याच गळ्यात आला, त्यामुळं तो मी योग्य वेळी सांगेन. पुढं शेडमधे पडदेवाले नवे माग आले. ते स्वतःच स्वतःचा आजार पडद्यावर लिहून दाखवायचे. मग मालकांनी माझ्या हातात नारळ दिला.

शालनचं नाव मात्र माझ्याहून मोठं. गल्लीत कुणाच्याही पोरीचं लग्न ठरलं की रुखवताला शालन. सुपाऱ्यांची सप्तपदी, नारळाचे नवरा-नवरी, कागदाची तुळस. वीस वर्षांत तिनं चाळीस रुखवतं केली असतील, आणि एकावरही कधी स्वतःचं नाव घातलं नाही. मग तिच्या बोटांत संधिवात शिरला. पेरं सुजली, कात्री धरवेना. आणि नेमकं त्याच वर्षी आमच्या पूनमचं लग्न ठरलं.

साखरपुड्याला मिरजेच्या उरुणकर विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, “रुखवत काय, शालनताईंच्या हातचं. आम्हाला बघायलाच नको.” शालन हसली आणि तिनं हात हळूच पदराखाली घेतले. ते मी बघितलं आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, “बघाच विहीणबाई! ह्या वेळी यंत्रावर करणार. आख्खा हातमाग करून मांडतो लाकडाचा. आडवा दोरा घेऊन धोटा इकडनं तिकडं पळणारा!”

बोलून बसलो. तेव्हा आमच्या घरात यंत्र नव्हतं, त्यातली अक्कल तर मुळीच नव्हती. पूनमनं शोधून ते लेजरचं मशीन मागवलं. चार अल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट, दोन पट्टे, काही चाकं, आणि मधे डबीएवढं डोकं, त्यातनं निळा किरण निघतो आणि लाकूड कापतो. शालननं आलेखाच्या कागदावर हातमाग काढला, पूनमनं तो लॅपटॉपवर घेतला. बासष्ट तुकडे. एकमेकांच्या खाचेत बसणारे, त्यामुळं केसभरही फरक चालणार नव्हता.

खोकं आलं तशी पूनम लगेच बटण दाबायला निघाली. मी तिचा हात धरला. पूजेआधी यंत्राला वीज दाखवायची नाही, हा आमच्या शेडचा शिरस्ता. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून मी यथासांग पूजा केली. आम्ही मागवाले कुंकू चौकटीला टेकवून भागवत नाही. जिथं जिथं यंत्र राबतं तिथं तिथं लावतो. नारळ फोडला, पेढे वाटले, शेजारच्या कळंत्रेवहिनींनाही दिले. मग बटण दाबलं. निळा ठिपका पेटला, धूर निघाला, डोकं झोकात फिरलं. प्लायवुड मात्र कापलं नाही.

मी कंपनीला फोन लावला. तिकडं एक पोरगा होता, आवाज गोड.

“काका, आधी लेजरच्या तोंडातली काच पुसून बघा.”

“आरं, कालच खोक्यातनं काढलंय मशीन. पुसायला तो काय माझा चष्मा हाय?”

“तरी एकदा बघा ना. बहुतेक वेळा तेच असतं.”

“बाळ, तुझं वय काय?”

“तेवीस.”

“मी एकतीस वर्षं मशिनं दुरुस्त केल्यात.” आणि मी फोन ठेवला.

“चष्मा तरी कुठं पुसता तुम्ही,” मागनं शालन म्हणाली.

तिथनं माझा कारभार सुरू झाला. मला वाटलं, डोकं फार उंचावर बसलंय. खाली घेतलं. रेघ जाड झाली. आणखी खाली घेतलं, तर ते लाकडालाच घासलं. मग वाटलं, चाकं ढिली आहेत. ती आवळली, तर डोकं सरकता सरकेना, मधेच अडून कण्हायला लागलं. मग पट्टे. एक आवळला, दुसरा राहिला, म्हणून अंडं आलं. अंडं सरळ करायला दुसरा आवळला, तर चौकोनाचा पतंग झाला. मागाचं एक बरं असतं, चुकलं की ते बोंबलतं. हे बेणं तसं नाही. कापो न कापो, आवाज एकच, झुंई झुंई.

दोष आता यंत्रात नाही, बाहेर आहे, असं मी जाहीर केलं. प्लायवुड ओलं आहे म्हणून ते गच्चीवर वाळत घातलं. ते वाळून पापडागत वाकडं झालं. मग गल्लीतले माग चालू असले की व्होल्टेज पडतं, असं म्हणालो आणि मागांना सुट्टी असलेल्या दिवसाची वाट बघत बसलो. त्या दिवशी एकाच रेघेवरनं चौदा वेळा लेजर फिरवला. पंधराव्या वेळेला प्लायवुड पेटलं. शालन जेवणाचं ताट वाढत होती. हातात होतं ते तांब्याभर ताक तिनं विस्तवावर ओतलं. मशीन वाचलं. मी ताकाशिवाय जेवलो.

धूर बघून कळंत्रेवहिनी आल्या. त्या रुखवत भाड्यानं द्यायच्या. सकाळी मांडवात मांडायचं, संध्याकाळी परत आणून द्यायचं. त्यांच्या काखेत फोटोंचा अल्बम होता.

“भाऊजी, कशाला जिवाला घोर लावून घेताय? माझ्याकडं सगळं तयार हाय. सप्तपदी हाय, राजवाडा हाय, आन् नवरा-नवरी बसलेलं पंखवालं इमान हाय. इमानाला दिवे लागत्यात!”

“वहिनी,” मी म्हणालो, “पोरीचं रुखवत भाड्याचं आणायचं, मग नवरा पण भाड्याचाच आणूया की. संध्याकाळी परत देऊ.”

पूनम फिस्सकन हसली. शालन हसली नाही.

लग्नाला सहा दिवस राहिले. दुपारी मी गल्लीच्या कोपऱ्यावरनं नवा पाना घेऊन येत होतो. आमच्या पायरीवर शालन आणि कळंत्रेवहिनी बसल्या होत्या, दोघींची माझ्याकडं पाठ.

“ते इमानाचं ठेवा तर मग आमच्यासाठी,” शालन म्हणत होती. “पर ह्यांच्या कानावर घालू नका इतक्यात. ह्यांना लई लागंल.”

“बरं झालं बाई, ठरलं एकदाचं.”

“चाळीस पोरींचं केलं वहिनी. आपल्या पोरीचं तेवढं जमलं न्हाई.” असं म्हणून ती स्वतःची बोटं एकेक करून चोळत बसली. ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी तसाच मागच्या दारानं आत गेलो आणि मशीनसमोर बसलो. मला स्वतःची लाज वाटली. विहीणबाईंसमोर फुशारकी मी मारली होती, आणि तिची भरपाई शालन करत होती, तीही माझ्या मनाला लागू नये म्हणून चोरून. आयुष्यात कुठल्या यंत्रापुढं हात टेकले नव्हते. त्या दिवशी खरोखर टेकले. पूनम आली तेव्हा मी म्हणालो, “पोरी, मला काय कळंना झालंय बघ.”

ती आत गेली आणि खडू घेऊन आली. तो तिनं माझ्या तळहातावर ठेवला.

“शेडमधे पोरांना तुम्ही काय सांगायचात?”

आता तो मंत्र. मी खडू बोटांत फिरवत बसलो.

“एका वेळी एकच नट,” तीच म्हणाली. “फिरवायच्या आधी खडूनं खूण. फरक पडला नाही तर खुणेवर परत आणायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. लहानपणी मी पाढ्यांच्या आधी हे शिकले बाबा. सांगा, ह्या मशीनचे किती नट फिरवलेत?”

“सगळे.”

“आणि खुणा?”

“एक पण न्हाई.”

माझ्या हाताखालच्या पोरानं हे केलं असतं तर त्याला मी शेडच्या बाहेर उभा केला असता. एकदा केलाही होता. पूनमनं मला बाहेर काढलं नाही, एवढंच.

खोकं उघडताना तिनं प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला होता. ते बघत बघत आम्ही सगळं मूळपदावर आणलं. चाकं ढिली केली, दोन्ही पट्टे सारखे ताणले, डोकं सोबत आलेल्या लोखंडी तुकड्याच्या मापानं उंचीला बसवलं. प्रत्येक नटाला खडूची रेघ. पुन्हा चाक कापायला लावलं. गोल आलं, एकदम गरगरीत. पण कापलं नव्हतंच.

“आता एकच गोष्ट बघायची,” पूनम म्हणाली. “पहिली कुठली?”

“तूच सांग.”

“त्या तेवीस वर्षांच्या मुलानं काय सांगितलं होतं?”

मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण मी मान हलवली. तिनं डोक्याच्या तोंडाचा स्क्रू सोडला आणि आतली काच बाहेर काढली, नखाएवढी. ती पांढऱ्या कागदावर ठेवली. काचेच्या बरोब्बर मधोमध तांबडाकाळा डाग होता, भाजून चिकटलेला. डाग म्हणजे बोटाचा ठसा, सरळ सरळ.

मी उडालोच. “बघ! म्हणत न्हवतो मी? ह्या लोकांनी वापरलेलं मशीन गळ्यात मारलंय आमच्या! कुणीतरी खुळचटानं काचेवर बोट ठेवलंय! लाव त्याला फोन, त्या तेवीसवाल्याला. अगं शालन, बाहेर ये, बघ ह्यांनी काय फसवलंय ते!”

शालन आली. ओरडाओरडा ऐकून कळंत्रेवहिनीही आल्या. शालननं कागद उचलला, काच डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ बघितली. मग तिनं माझा उजवा हात धरला, करंगळीशेजारचं बोट सरळ केलं आणि काचेशेजारी ठेवलं.

ते बोट माझं अर्धं आहे. तरुणपणी धोट्यानं टोक उडवलं, डॉक्टरांनी शिवून दिलं. अर्धगोल आणि मधनं आडवी, वाकडी शिवण. काचेवरच्या ठशातही अर्धगोल होता, आणि मधनं आडवी, वाकडी शिवण.

कळंत्रेवहिनींनी वाकून काचेकडं बघितलं, मग माझ्या बोटाकडं. 

मग मला सगळं आठवलं. मागाच्या पूजेत कुंकू धोट्याच्या टोकाला लावतात, काम तो करतो म्हणून. इथं काम कोण करतं? किरण. तो कुठनं येतो? तोंडातनं. म्हणून मी डोकं उलटं धरून, तोंडात बोट घालून, अगदी भक्तिभावानं, बोट टेकवून कुंकू लावलं होतं. वर नमस्कारही केला होता. पंधरा दिवस किरण बिचारा त्या कुंकवातनं वाट काढत होता आणि मी त्याच्या बापाचे नट पिळत होतो.

“पुसतो,” मी हळूच म्हणालो आणि पंच्याचं टोक पुढं केलं.

“थांबा!” शालन कडाडली. “हात लावू नका. पूनम, आधी फोटो काढ ह्याचा. जवळनं.”

“फोटो कशाला गं?”

“आसू दे माझ्याजवळ.”

फोटो निघाला. मग पूनमनं कापसाला स्पिरिट लावून काच पुसली, बसवली, बटण दाबलं. निळा ठिपका पेटला. ह्या वेळी धूर खालनं आला. डोकं एक वेटोळं फिरून थांबलं, आणि चाक आपणहून, कुणी न ढकलता, टप्पकन खाली पडलं.

शालननं ते उचललं आणि सुजलेली बोटं कडेवरनं फिरवून बघितली. मग कळंत्रेवहिनींकडं वळली. “वहिनी, तुमचं इमान ऱ्हाऊ दे आता. दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

“ते मला कळलंच,” वहिनी म्हणाल्या. त्या अजून माझ्या बोटाकडं बघत होत्या.

पुढचे चार दिवस घरात राज्य शालनचं. पूनम बटण दाबायची, शालन तुकडे जुळवायची, आणि मी मांडीवर हात ठेवून बसायचो, सांगेल तेवढंच करायचो. कुठं जरा आवाज चढवला की शालन फोन उचलून दाखवायची. “घालू का गल्लीच्या ग्रुपवर?” म्हणायची. मी मुकाट्यानं खाली पडलेला भुसा उचलायचो. बासष्ट तुकडे बासष्ट खाचांत बसले. लाल दोरे तिनंच भरले, एका वेळी एक, मधे मधे बोटं गरम पाण्यात बुडवून. मी म्हणालो, “पूनम भरंल की.” तर म्हणाली, “माझ्या पोरीचं रुखवत हाय, पोरीनंच करायचं व्हय?”

मांडवात रुखवताच्या टेबलावर मधोमध तो हातमाग उभा राहिला. दोन बोटं रुंदीचं लाल कापड अर्धं विणलेलं, आणि दोरी ओढली की धोटा इकडनं तिकडं पळायचा. विहीणबाईंनी तो चार वेळा पळवला. पाचव्यांदा त्यांच्या नवऱ्यानं पळवला. गर्दी जमली.

“शालनताई, हे केलं तरी कसं? यंत्रावर एवढं बारीक होतंय?”

शालननं माझ्याकडं बघितलं. तिचा फोन तिच्या हातातच होता. 

“होतंय की,” ती म्हणाली. “फक्त यंत्राची पूजा मनापासनं करायला लागती. ती ह्यांनी केली.”

पूनमनं मुंडावळ्यांच्या आड तोंड लपवलं. कळंत्रेवहिनींनी टेबलाभोवती तीन चकरा मारल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “भाऊजी, हे भाड्यानं द्याल का?”

संध्याकाळी पाठवणीची वेळ आली. मिरजेची गाडी दारात उभी होती आणि रुखवत बांधायचं काम माझ्याकडं. वाटेत दोरे तुटू नयेत म्हणून मी हातमाग जुन्या लुगड्यात गुंडाळायला घेतला आणि अलगद उलटा केला.

खालच्या फळीवर, कोपऱ्यात, काहीतरी कोरलं होतं. मी चष्मा वर केला, खाली केला. अर्धगोल, आणि मधनं आडवी, वाकडी शिवण. त्या फोटोवरनं, लेजरनं. फार मोठं नाही, खऱ्या बोटाएवढंच.

शालन मागं उभी होती.

“हे काय गं?”

“करणाऱ्याची खूण नको खाली?”

“मग तुझी कुठाय?”

“माझी दोऱ्यात हाय की सगळी.”

मी बोट त्या खुणेवर ठेवून बघितलं. बरोबर बसलं. चाळीस रुखवतांवर जिनं कधी स्वतःचं नाव घातलं नाही, तिनं एक्केचाळिसाव्यावर माझी चूक कोरून ठेवली होती, आणि ती अशी कोरली होती की मला ती लपवावीशी वाटेना. पोरगी निघाली तरी सकाळपासनं मी कोरडा ठणठणीत होतो, सगळ्यांना पाणी विचारत हिंडत होतो. तिथं मात्र मला एकदम भरून आलं आणि लुगड्यात तोंड घालून मी ढसाढसा रडलो.

विहीणबाईंचे यजमान धावत आले. माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, “दिनकरराव, सांभाळा. पोरीला आम्ही पोरीसारखंच ठेवू हो.”

मी मान हलवली. त्यांना तसंच वाटू दिलं.

ते गेल्यावर मी बोटानं डोळे पुसायला गेलो, चष्म्यावरनंच. शालननं तो माझ्या नाकावरनं काढून घेतला.

“द्या इकडं,” ती म्हणाली, आणि पदरानं काचा पुसायला लागली.